थापटणे कोणाच्या हाती?

धाराशिवच्या श्रोत्यांना तेर कुठे आहे हे सांगायला नको. तेरणेकाठचे हे गाव प्राचीन काळी तगर म्हणून ओळखले जाई. इथला माल भडोचच्या बंदराकडे जात असे आणि तशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात आहे. पण जिल्ह्यातल्या माणसाला तेर म्हटले की रोमशी चालणारा व्यापार आठवत नाही, गोरोबाकाका म्हणजे संत गोरा कुंभार आठवतात. गोरोबाकाका म्हटले की दोन गोष्टी आठवतात : चिखल तुडवताना पायाखाली आलेले मूल आणि संतांच्या डोक्यावर पडलेले, मडकी ठोकायचे थापटणे. नेत्यांच्या आत्मपरीक्षणाचा विषय दुसऱ्या गोष्टीपासून सुरू करणे सोपे आहे. पहिली अवघड आहे, पण तिला टाळून पुढे जाता येणार नाही.

परंपरा सांगते ती अशी. ज्ञानदेव, निवृत्तीनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव ही मंडळी तेरला गोरोबांच्या घरी जमली होती. मुक्ताबाई सर्वांत धाकटी. तिची नजर थापटण्यावर गेली आणि तिने विचारले की काका, हे कशासाठी? मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे गोरोबा म्हणाले. मग इथे बसलेली मडकीही एकदा बघा, असे तिने सुचवले. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत गेले. सगळे मुकाट बसून राहिले. नामदेवांना मात्र राग आला, आणि त्या रागावरूनच निवाडा झाला : हे मडके कच्चे.

नामदेव तेव्हा कोणी नवशिके नव्हते. पंढरपुरात ज्यांच्याशी विठ्ठल प्रत्यक्ष बोलतो अशी ज्यांची ख्याती, ते नामदेव. आजच्या भाषेत बोलायचे तर जमलेल्यांपैकी सर्वांत लोकप्रिय नेते. त्यांनी तेरहून थेट पंढरपूर गाठले आणि देवापुढे गाऱ्हाणे मांडले. गावात अपमान झाला की वरिष्ठांकडे धाव घ्यायची ही रीत बरीच जुनी दिसते. फरक एवढाच की इथे वरिष्ठांनी गावच्या कुंभाराची बाजू घेतली. विठ्ठलाने नामदेवांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे पाठवले आणि नामदेवांनी त्यांना गुरू केले. पुढे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. पंढरीचा लाडका भक्त आणि पंजाबातले नामदेव, या दोन टोकांच्या मधे परंपरेने तेरची ही बैठक ठेवली आहे. प्रसंग जसाच्या तसा घडला का, हा इतिहासकारांचा प्रश्न. सातशे वर्षे लोकांनी तो सांगावासा का मानला, हा प्रश्न या व्याख्यानाचा.

त्या बैठकीची मांडणी नीट पाहिली तर काही गोष्टी ध्यानात येतात. परीक्षेची सूचना सर्वांत लहान व्यक्तीकडून, तीही मुलीकडून आली. परीक्षा घेणाऱ्याकडे ना मठ होता ना गादी. होता तो हातातला धंदा आणि वयाचा मान. परीक्षा चारचौघांत झाली, पण ते चारचौघे बरोबरीचे होते; बघ्यांची गर्दी तिथे नव्हती. आणि डोके सगळ्यांचेच पुढे होते, ज्ञानदेवांचेसुद्धा. एकट्या नामदेवांना वेगळे काढून ठोकले असते तर ती परीक्षा राहिली नसती, काटा काढणे झाले असते.

गावचा कुंभार मात्र या गोष्टीत एक दुरुस्ती सुचवील. भाजलेले मडके पक्के झाले का हे तो बोटाच्या पेराने वाजवून ओळखतो. थापटण्याचे मुख्य काम वेगळे आहे. चाकावरून उतरलेले, अर्धवट सुकलेले मडके आतून गोलसर दगडाचा आधार देऊन बाहेरून थापटत न्यायचे, म्हणजे त्याची भिंत पातळ होते आणि पोट गोल भरते. थोडक्यात, थापटणे मडक्यावर पडते ते मडके कच्चे असतानाच, आणि तो ठोका मडके घडवण्यासाठी असतो. आतला आधार काढून घेतला तर त्याच ठोक्याने मडके बसते. टीकाकार आणि हितचिंतक यांच्यात आपल्याकडे जी भिंत घातली जाते ती कुंभाराच्या कामात नाही. दोन्ही हात त्याचेच असतात.

आता पहिली गोष्ट. नामाच्या तंद्रीत चिखल तुडवताना गोरोबांचे स्वतःचे तान्हे मूल पायाखाली आले, असे कथा सांगते. पुढे चमत्काराने मूल परत मिळते, पण बायकोचा आक्रोश कथेतून पुसला गेलेला नाही. म्हणजे ज्याच्या हाती परीक्षेचे साधन दिले, त्याच्याच माथ्यावर या परंपरेने सर्वांत मोठी चूकही ठेवली. निर्दोष माणसालाच दुसऱ्याला बोलण्याचा अधिकार, ही अट तिने घातली नाही. आजच्या राजकारणात मात्र ती फार सोयीची झाली आहे. कोणी प्रश्न विचारला की आधी त्याचाच इतिहास काढायचा, म्हणजे उत्तर द्यावे लागत नाही.

नेत्याने रोज रात्री स्वतःशी हिशोब करावा, असा उपदेश सगळ्या संस्कृतींत आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि त्याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा रोमचा आहे. सम्राट मार्कस ऑरेलियस डॅन्यूब नदीच्या मुलखात लष्करी छावण्यांत बसून स्वतःसाठी टिपणे लिहीत असे. राग, कीर्ती, मृत्यू यांविषयी स्वतःलाच समज देणारी ती टिपणे आजही जगभर वाचली जातात. इतके प्रामाणिक आत्मचिंतन करणाऱ्या या माणसाने गादी कोणाला दिली? आपल्या मुलाला, कोमोडसला. त्याची कारकीर्द इसवी सन १९२ मध्ये त्याच्या खुनाने संपली. आधीच्या सम्राटांनी योग्य माणूस दत्तक घेऊन वारस नेमला होता. त्यांना मुलगेच नव्हते, हेही न्यायाने सांगायला हवे. तरीही एवढी वही लिहिणाऱ्याला घरातल्या वारसाचा प्रश्न त्या वहीने सोडवून दिला नाही. सम्राटाच्या डोक्यावर थापटणे मारणार कोण?

धाराशिव जिल्ह्याला या प्रश्नाचे एक उत्तर हिप्परग्याने दिले आहे. आजच्या लोहारा तालुक्यातल्या या गावात १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. मुलूख निजामाचा आणि शिक्षण राष्ट्रीय, तेही एका खेड्यात. १९२९ मध्ये या शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक आले आणि पुढे मुख्याध्यापक झाले. याच काळात त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून सगळे त्यांना ओळखतात. हिप्परग्याला येण्याआधी ते कोणाकडे काम करीत होते याकडे मात्र कमी लक्ष जाते. ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर होते. जोशी होते भारत सेवक समाजाचे सभासद, १९०९ पासूनचे. आणि समाज काढला होता गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. पुण्याहून निघालेली एक शिस्त अशी दोन माणसांच्या हातांतून लोहाऱ्याच्या माळावर पोहोचली. स्वामीजींनी गोखल्यांचे मवाळ राजकारण उचलले असा याचा अर्थ नाही. त्यांचा मार्ग पुष्कळ वेगळा होता. संबंध आहे तो कार्यकर्ता घडवण्याच्या पद्धतीशी.

त्या पद्धतीच्या मुळाशी एक जाहीर नामुष्की आहे. १८९७ साली गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. वय जेमतेम तिशीचे. हिंदुस्थानच्या खर्चाचे आकडे त्यांनी असे मांडले की त्यांचे नाव झाले. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता आणि घरझडतीला सोजीर नेमले होते. त्यांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे गोखल्यांना पुण्याहून आली. गोखल्यांनी ती हकिगत ‘मँचेस्टर गार्डियन’ला दिली आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढेही मांडली. ते परतले तोवर २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर हल्ला झालेला होता, पुण्यात धरपकड चालू होती आणि पुरावा घेऊन कोणी पुढे यायला तयार नव्हते. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगणे म्हणजे मित्रांना पोलिसांच्या हवाली करणे. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेतले आणि गव्हर्नर व सैनिक यांची बिनशर्त माफी मागितली.

त्याच दिवसांत टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. एक तुरुंगात गेला आणि एकाने माफी मागितली. लोकांनी कोणाला डोक्यावर घेतले असेल हे सांगायला नको. गोखल्यांवर भित्रेपणाचा शिक्का बसला. त्या माफीबद्दल आजही दोन मते होऊ शकतात. सोजिरांनी काहीच केले नव्हते असे मानायला आधार नाही, आणि माफीची भाषा गरजेपेक्षा अधिक नमती होती असे वाटते. पण गोखल्यांनी त्यानंतर जे केले ते अधिक मोलाचे आहे. प्लेगच्या कामात ते स्वतः उतरले. आणि ५ फेब्रुवारी १८९८ या दिवशी त्यांनी आपल्या रोजनिशीत संकल्पांची एक यादी लिहिली. गुरू दत्तात्रेयांचे स्मरण करून केलेली ती यादी गमतीची आहे. नियमित योगाभ्यास करायचा. इतिहास, तत्त्वज्ञान, खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, मानसशास्त्र, फ्रेंच भाषा यांचे ज्ञान मिळवायचे. मुंबईच्या कायदेमंडळात जायचे, मग वरिष्ठ कायदेमंडळात, मग थेट ब्रिटिश पार्लमेंटात.

नामुष्कीला वर्षही झाले नाही आणि हा माणूस पार्लमेंटची स्वप्ने पाहतो, हे कोणाला खटकेल. खटकू नये. आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःला छोटे करत बसणे अशी एक समजूत आपल्याकडे आहे. त्यामुळे कर्तबगार माणसे त्यापासून लांब राहतात आणि नम्रतेचे प्रदर्शन करणारी त्याचा मक्ता घेतात. गोखल्यांच्या यादीत महत्त्वाकांक्षा लपवलेली नाही. आपण कुठे उणे पडलो हे त्यांना कळले होते : पुराव्याची बैठक नसताना बोललो. म्हणून यादीत ज्ञानाला एवढी जागा. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि १९०२ पासून कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळात अर्थसंकल्पावर बोलू लागले. तिथे सरकारी सभासद त्यांच्या आकड्यांना वचकून असत. पार्लमेंट राहिले ते राहिलेच.

स्वतःच्या ठेचेचे त्यांनी नंतर संस्थेच्या नियमांत रूपांतर केले. १२ जून १९०५ ला स्थापन झालेल्या भारत सेवक समाजात येणाऱ्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. स्वतःसाठी पैसा मिळवणार नाही ही एक, आणि कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही ही दुसरी. पाच वर्षे उमेदवारी. त्यात अभ्यास आणि देशाचा प्रवास. गांधीजी १९१५ साली आफ्रिकेतून परतले तेव्हा त्यांच्याकडूनही गोखल्यांनी वचन घेतले होते की वर्षभर हिंदुस्थान फिरून पाहायचा आणि राजकीय प्रश्नांवर जाहीर बोलायचे नाही. निवडणुकीचा अर्ज भरण्यापूर्वी एक वर्ष गप्प बसून मतदारसंघ फिरण्याची अट आज घातली, तर जिल्ह्यातल्या किती जागा रिकाम्या राहतील याचा अंदाज श्रोत्यांनी करावा.

स्वामी रामानंद तीर्थांच्या राजकारणातही थांबण्याचा एक प्रसंग आहे. हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच निजाम सरकारने सप्टेंबर १९३८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजी आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह संस्थानात चालू होते. मागण्या वेगळ्या, पण बाहेरून पाहणाऱ्याला सगळा एकच लोंढा दिसत होता, आणि लोकशाही हक्कांच्या लढ्याला जातीय रंग चढण्याचा धोका उघड होता. गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने २४ डिसेंबरला, म्हणजे बरोबर दोन महिन्यांनी, आपला सत्याग्रह स्थगित केला.

भर रंगात आलेली चळवळ थांबवणे किती कठीण असते हे चळवळीत राहिलेल्यांना माहीत आहे. तुरुंगात गेलेल्यांच्या घरी काय सांगायचे? उद्याच्या तुकडीसाठी नाव दिलेल्या पोरांना काय सांगायचे? विरोधक म्हणणार, बघा, दमले. ही किंमत कळत असूनही नेतृत्वाने स्वतःला विचारले की आपण जे करतो आहोत ते लोकांना जसे दिसते आहे, तसे दिसायला हवे आहे का. १९४० मध्ये स्वामीजी पुन्हा तुरुंगात गेले ते वैयक्तिक सत्याग्रहात, निवडक माणसांनिशी. संघटनेवरची बंदी उठायला १९४६ उजाडले. स्थगितीमुळे काय मिळाले आणि काय गमावले यावर वाद घालता येईल. पण तो निर्णय अपघाताने झाला नव्हता, विचारून झाला होता, आणि विचारणारे व उत्तर देणारे वेगवेगळे होते.

यानंतरचे पान जिल्ह्याला आवडणारे नाही. तरी धाराशिवमध्ये आत्मपरीक्षणावर बोलायचे आणि ते पान उलटून पुढे जायचे हे बरे नाही.

१९४७-४८ मध्ये निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी मराठवाड्यात जो धुमाकूळ घातला त्याच्या आठवणी गावोगाव आहेत. जाळलेली घरे, लुटलेली गावे, सरहद्दीपलीकडे पळालेली कुटुंबे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दर १७ सप्टेंबरला जिल्हा मुख्यालयी ध्वज फडकतो तो या दिवसाचा. पण त्या दिवसानंतरही काही आठवडे गेले, आणि त्या आठवड्यांत सूड उगवला गेला, तो बहुतांशी अशा मुसलमानांवर ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता. बातम्या दिल्लीला गेल्या तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीसाठी पाठवले. नोव्हेंबरअखेरपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. त्यांचा अंदाज असा की कारवाईच्या काळात आणि त्यानंतर मिळून किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ लागलेले जिल्हे त्यांनी चार सांगितले : उस्मानाबाद (म्हणजेच आजचा धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. रझाकारांचे अत्याचारही त्यांनी नोंदवले. जिवाची पर्वा न करता मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू नोंदवले. त्यांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केल्याची नोंद आहे.

एका नवजात राष्ट्राच्या सरकारने स्वतःच्या विजयानंतर दोनच महिन्यांत स्वतःची चौकशी लावली, ही मोठी गोष्ट होती. अहवाल आला, तो वाचला गेला आणि कपाटात गेला. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. काही भाग अभ्यासकांच्या हाती लागत राहिले, पण सर्वसामान्य वाचकाला अहवाल पाहायला मिळण्यास २०१३ च्या आसपासचा काळ उजाडला. तोवर ज्यांच्याविषयी तो होता त्यांच्या दोन पिढ्या गेल्या होत्या. जखमा ताज्या असताना असा कागद उघडला तर पुन्हा आग लागेल, ही त्या वेळची भीती खोटी म्हणता येत नाही. पण भीती दहा वर्षांची असू शकते, साठ वर्षांची असू शकत नाही. त्या चार जिल्ह्यांतल्या माणसांना आपल्याच गावात काय घडले हे कुजबुजीतून कळत राहिले, आणि कुजबुजीत प्रत्येक बाजूला फक्त आपलेच मेलेले आठवतात. ज्या विणकरांनी शेजाऱ्यांना वाचवले त्यांचा गौरवही त्या कपाटातच अडकून पडला, याची हळहळ सर्वांत जास्त वाटते.

१९९३ च्या भूकंपानंतर मात्र सरकारच्या हातून वेगळे काम झाले. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे झोपेत गाडली गेली. सास्तूरचे नाव त्या दिवसापासून किल्लारीच्या बरोबरीने घेतले जाते. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. त्यात दोन पद्धती शेजारी शेजारी चालल्या. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, कंत्राटदाराने बांधलेली घरे. घरे भक्कम होती, पण गाव लांबवर पसरले, भावकी विखुरली, गुरांचे काय आणि कडब्याचे काय हे नकाशा काढणाऱ्याला सुचले नव्हते. दुसरी पद्धत दुरुस्तीची. ज्यांची घरे उभी राहू शकत होती त्यांच्या हाती हप्त्याने पैसे देऊन त्यांनीच बांधायचे. सुरुवातीला तिचा वेग मंद होता, कारण लोकांना तंत्रही नवे होते आणि कागदही. मग सरकारने स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला मधे घेतले आणि सुमारे १३०० गावांत महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले. कोपऱ्यात मजबुती कशी द्यायची, हप्ता कुठे अडकला, अभियंता किती दिवस फिरकला नाही, हे त्या घरोघर सांगत आणि तितकेच वरही कळवीत. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका गुजरातच्या गावांत अनुभव सांगायला गेल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत बसणाऱ्या, पण कोणाच्या पगारावर अवलंबून नसलेल्या या बायका म्हणजे राज्यकारभाराला मिळालेली मुक्ताबाईच होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली. महाराष्ट्रातले चार जिल्हे तीत आले : नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबाद. आरोग्य, शिक्षण, शेती व पाणी, बँकिंग व कौशल्य, पायाभूत सोयी अशा विषयांतले ४९ निर्देशांक, दर महिन्याला आकडे, दर महिन्याला सुधारणेची क्रमवारी. इतके नियमित परीक्षण या जिल्ह्याचे पूर्वी कधी झाले नव्हते, आणि मागासलेपण जाहीर झाल्याचा राग सोडला तर त्याचा उपयोगही झाला. कोणत्या तालुक्यात काय कमी आहे यावर बोलणे भाग पडले. पण आकडा कुठे दुखते ते सांगतो, का दुखते ते सांगत नाही. शिवाय जो काम करतो तोच आकडा भरतो. डॅशबोर्डवर बाण हिरवा झाला की बैठक पुढच्या विषयाकडे वळते. ज्या बाळंतिणीमुळे किंवा ज्या शाळेमुळे तो हिरवा झाला नाही, तिचे तोंड त्या बैठकीत कोणी पाहिलेले नसते.

ते तोंड दिसण्याची जागा कायद्याने केव्हाच करून ठेवली आहे. ग्रामसभा. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या तारखा शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. विषयपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. गावातल्या नेतृत्वाच्या आत्मपरीक्षणासाठी याहून नेमके वाक्य शोधून सापडणार नाही, आणि याहून घाईघाईने उरकले जाणारे वाक्यही नाही. ग्रामसेवक चार ओळी पुटपुटतात, कोणी तरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणते, पुढचा विषय. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. त्यामुळे अनेक गावांत खरी सभा तहकुबीचीच असते, आणि रजिस्टर सह्यांसाठी नंतर घरोघर फिरते.

या व्याख्यानाच्या निमित्ताने जिल्ह्यातल्या सरपंचांपुढे, आणि त्याच न्यायाने पंचायत समिती, जिल्हा परिषद व त्यावरच्या लोकप्रतिनिधींपुढे, एक साधी सूचना ठेवता येईल. वर्षातली एक ग्रामसभा अशी असावी की तीत नवा ठराव एकही घ्यायचा नाही. गेल्या वर्षीचे सगळे ठराव एकामागून एक वाचायचे आणि प्रत्येकापुढे झाले, झाले नाही, अर्धवट राहिले यांपैकी एक शेरा मारायचा. न झालेल्याचे कारण सरपंचाने उभे राहून सांगायचे. वाचन सरपंचाने करायचे नाही, ग्रामसेवकानेही नाही. दहावीतली एखादी मुलगी, आशा कार्यकर्ती, बचत गटाची सचिव, यांपैकी कोणीही चालेल. शेरा बैठकीत ठरवायचा, आणि पान तसेच्या तसे पंचायतीच्या बाहेरच्या फळ्यावर पुढच्या सभेपर्यंत लावून ठेवायचे. कपाटात ठेवायचे नाही.

यासाठी कायद्यात बदल लागत नाही, निधी लागत नाही, मंत्रालयाचा शासननिर्णयही लागत नाही. विरोध होईल तो ठरावीक असेल : गावात भांडणे लागतील, विरोधी पॅनेलला आयते कोलीत मिळेल, आम्हालाच का विचारता, आधीच्यांना विचारा. पहिल्या वर्षी यातले पुष्कळसे खरेही ठरेल. म्हणून सुरुवात करणाऱ्या गावाने मागच्या पाच वर्षांचे, म्हणजे आधीच्या पॅनेलच्याही काळातले ठराव त्याच सभेत वाचायला घ्यावेत, आणि माजी सरपंचांना समोरच्या सतरंजीवर विद्यमान सरपंचांच्या शेजारी बसवावे.